हंगेरीच्या लोकगीतांशी पियानोचे कॉर्ड का भांडतात?

बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय यांनी १९०६ मध्ये २० हंगेरियन लोकगीतं पियानोच्या साथीसह छापली. खेड्यात ती बहुतेक साथीशिवायच गायली जायची. मग सुरांखाली वाजवायचं काय?

जुन्या चाली पाच स्वरांच्या: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. (हो, आपल्या धानीचेच स्वर!) पाश्चात्त्य रिवाजात मात्र शेवटी पंचमावरचा कॉर्ड येतो आणि त्यात शुद्ध नी असतो. गळ्यात कोमल, पियानोत शुद्ध. खटकणारच.

बार्टोक यांनी उपाय चालीतच शोधला. सा, ग, प यांच्या जोडीला कोमल नीही एकदम वाजवायचा. पाठ्यपुस्तकी नियमाने हा नी पुढे दुसऱ्या स्वरावर उतरवावा लागतो; त्यांनी तो तसाच राहू दिला. चाल जितकी साधी, तितकी साथ धीट चालते, असं त्यांचं मत. १९२० च्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’मध्ये ते ऐकूनच घ्या.