‘पाणी घाल नि ने, काही होत नाही!’

गोव्यात, राष्ट्रीय महामार्ग 66 वर पेडणे तालुक्यातल्या धारगळला एखादी गाडी बॉनेट उघडून उभी राहिली, की तिच्याभोवती बघता बघता चार सल्लागार जमतात. कोणी सुकेकुळणचा, कोणी महाखाजनचा, कोणी बसची वाट पाहत उगाच उभा असलेला. मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 ला सुरू झाल्यापासून अशा गाडीतल्या माणसाला विमान गाठायचं असण्याची शक्यताही वाढली आहे. बॉनेटखालून वाफ येतेय, रस्त्यावर हिरवट पाणी सांडलंय, आणि सल्ला ठरलेला: “उदक घाल आनी व्हर, कांय जायना.” आंबोलीचा घाट उतरून आलेल्या पाहुण्याला हे ऐकून हायसं वाटतं. तो पाण्याची बाटली घेतो आणि झाकणाला हात घालतो.

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणूनच तो खोडून काढणं अवघड जातं. झाकण आत्ताच उघडता येतं, पाण्याने भागतं आणि लगेच निघता येतं, अशा तीन गोष्टी त्या एका वाक्यात गृहीत धरलेल्या असतात. पहिलीत माणूस भाजतो, दुसरी अर्धी खरी आहे, आणि तिसरीत इंजिन जातं.

आधी झाकण. चालत्या गाडीची कूलिंग सिस्टिम बंद असते आणि दाबाखाली असते. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबामुळे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलेलं कूलंट तर 129-130 अंशांपर्यंत टिकतं. म्हणजे तापलेल्या गाडीत आतलं पाणी 120 अंशांवर असूनही पाणीच असतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब जातो आणि 120 अंशांच्या पाण्याला पाणी म्हणून राहताच येत नाही. त्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो. साध्या पाण्याचा हिशेब मांडला तर एका लिटरमधून जेमतेम 37 ग्रॅम पाण्याची वाफ होते. पण ती वाफ जागा घेते सुमारे 60 लिटरची, आणि बाहेर पडताना उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन येते. समोर असतो तुमचा चेहरा. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण ओढायला घरातलं कोणी धजत नाही. इथे मात्र शहाणी माणसं ओला फडका गुंडाळून ‘हळूच’ उघडायला जातात. आत दाब असताना कुकरचं झाकण निघू नये अशी निदान सोय तरी असते. रेडिएटरचं झाकण जोर लावला की निघतं.

यावर उत्तर येतं, “गळती लागलीय म्हणजे दाब केव्हाच गेला असणार.” नाही हो! होज पाइपच्या क्लिपपाशी पडलेल्या बारीक चिरेतून धार लागलेली असते तेव्हाही तापलेल्या इंजिनाजवळचं पाणी उकळून नवा दाब तयार करत असतं. धार लागते तीच मुळी दाबामुळे. दुसरं उत्तर असतं, “रेडिएटरला हात लावत नाही, फक्त पांढऱ्या टाकीत घालतो.” जुन्या गाड्यांत ती टाकी नुसती साठवणीची असायची, तिथे हे खपून जायचं. आताच्या बऱ्याच गाड्यांत तीच टाकी दाबाखाली असते आणि रेडिएटरवर वेगळं झाकणच नसतं. टाकीच्या झाकणावर इशाऱ्याचं चित्र असेल तर ते शोभेसाठी नसतं. गरम असताना उघडू नये, हे जवळपास प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे. पण मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात, विम्याच्या कागदांखाली, पहिल्या दिवशीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं.

मग करायचं काय? गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, वाफ किंवा गळती दिसत असेल तर इंजिन बंद करा. मागे थोड्या अंतरावर लाल त्रिकोण ठेवा. या रस्त्यावर गाड्या किती वेगाने येतात हे पेडणेकरांना सांगायला नको. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका. निदान पाऊण तास थांबा. वरचा जाड रबरी पाइप हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर सहज दबला, तरच जाड फडका धरून झाकण थोडंसं फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, आणि मग काढा.

आता ‘पाणी घाल’. हे अर्धं खरं आहे आणि तेवढं मान्य करायला हवं. इंजिन निवलंय, गळती ठिबकण्याइतकीच आहे आणि इंजिन फार तापलेलं नव्हतं, तर पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटपेक्षा कमी नाही, उलट सरसच आहे. पाण्याला जमत नाही ते वेगळं: गंज रोखणं, पंपाचं सील सांभाळणं, उकळायला वेळ लावणं. त्यामुळे “गोव्यात काय बर्फ पडतंय, कूलंट कशाला?” हा प्रश्न मुळातच फसलेला आहे. गोठण्यापासून बचाव हे कूलंटच्या कामांपैकी एक आहे, आणि आपल्याला नको असलेलं तेवढं एकच. भारतीय मानक आयएस 5759 याच द्रवासाठी आहे, आणि त्यात गंजरोधकपणाची कसोटी आहे. भरलेलं पाणी गॅरेजमध्ये काढून टाकून योग्य कूलंट भरायला सांगा. विहिरीचं पाणी महिनोन्‌महिने आत राहिलं की क्षार बसतात. किनाऱ्याकडच्या खाऱ्या विहिरींचं तर इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या जवळ नेऊच नये. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यातही क्षार असतात. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी हवं. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं किंवा वरून बादली मारणं म्हणजे धातूला तडा जायला आमंत्रण.

खरा संताप येतो तो ‘नि ने’ या दोन शब्दांचा. “म्हापसा दहा-बारा किलोमीटर. कोलवाळचा पूल ओलांडला की पोचलात.” किंवा, “एअरपोर्ट इथे तर आहे, बाकीचं परत आल्यावर बघू.” आणि त्याला जोडून ते भयंकर वाक्य: “बघ, काटा खाली आला!”

काटा खाली का आला, हे समजून घ्या. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो आणि त्या द्रवाचं तापमान सांगतो. कूलंट वाहून गेलं की सेन्सर उघडा पडतो, त्याच्याभोवती हवा किंवा थोडी वाफ उरते, आणि हवा उष्णता नीट पोचवत नाही. इंजिनाचं हेड भाजून निघत असतं आणि काटा गुण्यागोविंदाने खाली सरकतो. आधी चढलेला आणि मग इंजिन बंद न करताच उतरलेला काटा ही सुटकेची खूण समजू नका. बऱ्याचदा टाकी रिकामी झाल्याची ती खबर असते. त्यातून बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो, की तापमान बरंच वरखाली झालं तरी तो मधोमध राहावा. आणि कित्येक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा आणि लाल दिवा. लाल लागला तेव्हा उशीर झालेलाच असतो.

त्या दहा-बारा किलोमीटरांत काय घडतं? जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेतला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कूलंट उचलून बाहेर टाकत असतं. सिलिंडरमधली ज्वाला 2000 अंशांच्या वर जाते. उष्णता उचलणारा गेला की ती सगळी हेडमध्ये साठते. हेड अॅल्युमिनियमचं, आणि अॅल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. हेड वाकतं, गॅस्केट जातं, कूलंट ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखा फेस दिसू लागतो. जिथे एक पाइप आणि दोन क्लिपा बदलून सुटका होती, तिथे हेड उतरवून लेथवर न्यायची वेळ येते. विमान चुकतं ते चुकतंच. टॅक्सी बोलवा, विमान गाठा, गाडीसाठी विम्यातली रोडसाइड सेवा बोलवा. ती पॉलिसीत आहे की नाही, हे घर सोडण्याआधी पाहून ठेवायचं असतं.

पाणी भरल्यावर निघायचं की नाही याची चाचणी सोपी आहे. इंजिन सुरू करून पाच मिनिटं जागेवर ठेवा आणि खाली वाका. धार लागली तर टोइंग. थेंब थेंब असेल तर एसी बंद, वेग कमी, जवळात जवळचं गॅरेज, आणि म्हापशाचा ‘ओळखीचा मेकॅनिक’ विसरा. हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाची थोडी उष्णता गाडीत खेचली जाते. उपाय खरा आहे, पण आत कूलंट शिल्लक असेल तेव्हाच. मे महिन्यात पेडण्यात तो करून पाहणाऱ्याला माझा नमस्कार.

बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण चिवट आहेत.

“रेडिएटरमध्ये हळद टाक, भोक बुजतं.” जुन्या जीपच्या रुंद नळ्यांच्या पितळी रेडिएटरमध्ये कधीकधी बुजायचं. आताच्या अॅल्युमिनियमच्या अरुंद नळ्यांत ती भोकासोबत सगळंच बुजवते.

“आपल्याकडे उष्णता, थर्मोस्टॅट काढून टाक.” हे तर चक्क गॅरेजवाले सांगतात. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो आणि इंजिनाला योग्य तापमानावर ठेवतो. तो नसला की इंजिन गार चालतं, पेट्रोल जास्त खातं, लवकर झिजतं. आणि काही इंजिनांत बायपासची वाट कायम उघडी राहून गाडी उलट जास्त तापते.

“गाडीखाली पाणी म्हणजे गळती.” आपल्या दमट हवेत एसीचं पाणी चांगलं थारोळं करतं. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं.

“हिरव्यात हिरवं, लालात लाल.” रंग नुसता टाकलेला असतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा. बाटलीवरचा प्रकार वाचा.

“इलेक्ट्रिक गाडीत ही भानगड नाही.” नेक्सॉन ईव्हीची बॅटरी द्रवानेच गार ठेवतात. तिथे कूलंट गळलं तर काहीही ओतू नका, कंपनीला फोन करा.

आणि अंगणात सांडलेलं कूलंट “पाऊस धुऊन नेईल” हेही नको. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. थोडंसंही त्यांची मूत्रपिंडं निकामी करायला पुरतं. माती किंवा लाकडाचा भुसा टाकून शोषून घ्या, मग जागा भरपूर पाण्याने धुवा, आणि विहीर किंवा ओहोळ जवळ असेल तर ते पाणी तिकडे जाऊ देऊ नका.