मुंगूस गेले, आंबा राहिला

इंग्रजीतला ‘मॉन्गूस’ हा आपल्या मुंगसाचाच अवतार आहे, असे आजचे मोठे इंग्रजी कोश सांगतात. पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनेत फिरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराचे प्रवासवर्णन 1698 साली लंडनला छापले गेले, त्यात हा प्राणी याच नावाने भेटतो. शब्दाच्या शेवटच्या ‘गूस’चा हंसाशी काडीचा संबंध नाही, तरी त्याचे अनेकवचन करताना इंग्रज माणूस अजून अडखळतो. पण हे वाचून छाती फुगवण्याआधी सिंधुदुर्गातल्या वाचकाने एक प्रश्न विचारायला हवा. मुंगूस गेले, तर आंबा का गेला नाही? देवगडचा हापूस परदेशात ‘अल्फॉन्सो मँगो’ म्हणून विकला जातो. त्यातला ‘मँगो’ केरळातल्या ‘मांङ्ङ’चा, आणि ‘अल्फॉन्सो’ पोर्तुगिजांच्या ‘अफोन्सु’ या नावाचा. आपला ‘हापूस’सुद्धा त्याच अफोन्सुला कोकणी जिभेने दिलेला आकार. फळ आपले; नावात मात्र आपले काही नाही.

माझे म्हणणे असे की, परका शब्द उचलताना लोक वस्तू कुठे उत्तम पिकते ते पाहत नाहीत. ती पहिल्यांदा ज्या धक्क्यावर भेटली आणि ज्या दलालाने दाखवली, त्याचा शब्द घेतात. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला तो मिरीसाठी. पोर्तुगिजांनी गोवा घेतला 1510 मध्ये. तोवर मलबारच्या बाजारातला ‘मांगा’ त्यांच्या तोंडी बसून गेला होता. म्हणूनच गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात, भोवताली सगळे ‘आंबो’ म्हणत असताना, ‘मांगा’ लिहिले. पुढे आलेल्या इंग्रजांना पोर्तुगीज शब्द तयार मिळाले. फणस ‘जॅकफ्रूट’ झाला तो मल्याळम ‘चक्क’वरून, सुपारी ‘अरेका’ झाली ‘अडक्क’वरून, साग ‘टीक’ झाला ‘तेक्क’वरून. काथ्याचे ‘कॉयर’ही मलबारच्याच ‘कयर’चे. फणस, सुपारी, काथ्या यांवर मालवणची किती घरे चालली, याचे कोशाला सोयरसुतक नाही.

यावर कोणी म्हणेल, काजू तरी आपला! ‘कॅश्यू’ आणि ‘काजू’ किती जवळचे वाटतात. जवळचे आहेतच, पण बापलेक नव्हेत, भावंडे आहेत. ब्राझीलच्या तुपी भाषेतला ‘अकाजू’ पोर्तुगिजांनी ‘काजू’ करून रोपासकट इकडे आणला. आपण तो जसाच्या तसा घेतला आणि इंग्रजांनी आपल्या परीने. बटाटा आणि ‘पोटॅटो’ यांचीही तीच गत, दोघांचे मूळ कॅरिबियन बेटांवर. नुसते साम्य दिसले की मालकी सांगायची घाई अशीच फसते. ‘नेव्हिगेशन’ हा ‘नवगती’ या संस्कृत शब्दावरून आला असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. तो लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज, त्यावरून आला. संस्कृत ‘नौ’ आणि लॅटिन ‘नाविस’ एकाच जुन्या कुळातले, पण देवघेव तिथे झालेलीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने ‘मॉन्गूस’चे मूळ तेलुगूत दाखवले होते, आणि तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडात ‘मुंगुसि’ आहेतच. मग मराठीचा हक्क कसला? पण शब्दाचे कूळ आणि शब्दाची वाट या दोन गोष्टी आहेत. कूळ द्राविडी असले, तरी इंग्रजांची वस्ती सुरत-मुंबईच्या किनाऱ्यावर होती आणि या पट्ट्यात मुंगूस मराठी बोलत होते. गुराब या लढाऊ जहाजाच्या नावाचेही तसेच. ‘गुराब’ मूळचा अरबी, अर्थ कावळा. आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे इतकी छळली की ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ तिच्या दप्तरात ठाण मांडून बसले. हिसकावणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘ग्रॅब’ वेगळ्याच, जर्मानिक घराण्यातले. आंग्र्यांच्या आरमाराशी ते जोडण्याचा मोह आवरलेला बरा. आंग्र्यांचा विजयदुर्ग 1756 मध्ये पडला, शिडांचे युग गेले, आणि हे शब्द इतिहासाच्या पुस्तकांपुरते उरले. इंग्रजांनी 1765 मध्ये सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे भारदस्त नाव दिले होते. ते मालवणात आज कुणाला ठाऊक आहे? हुकमाने दिलेले नाव टिकले नाही, आणि बाजारात कानावर पडलेला ‘बोंबील’ मात्र ‘बमलो’ होऊन इंग्रजी कोशात आहे.

बोंबलाचे दुसरे इंग्रजी नाव ‘बॉम्बे डक’. मुंबईच्या डाकगाडीतून हा वासाचा माल जाई म्हणून ‘बॉम्बे डाक’, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली 16 एप्रिल 1853 ला; ‘बॉम्बे डक’ त्याआधीच छापून आले होते. एका तारखेने गोष्ट निकालात निघते.

आणि कोकम? ते पोर्तुगीज दलालाला टाळून थेट मराठीतून गेले, ‘कोकम’ म्हणूनच. पण तिथेही बाजारच जिंकला. आमच्याकडे झाडावर पिकतो तो रातांबा. त्याची साल सुकवून होते ते कोकम, म्हणजे सोलं. व्यापाऱ्याच्या पोत्यात जे पडले तेच नाव इंग्रजीत पोचले, आणि आता तिथे फळालाही कोकम म्हणतात, झाडालाही. रातांबा मात्र कुडाळ-सावंतवाडीच्या परसातच राहिला.