लबाड फळी

खाली एक आडवी फळी, वर विटांची भिंत आणि मधे उड्या मारणारा चेंडू. फळी डावी-उजवीकडे सरकवायची, चेंडू खाली पडू द्यायचा नाही आणि एकेक वीट उडवत भिंत संपवायची. कुणी हा खेळ बॅटरीवरच्या 'ब्रिक गेम'वर खेळलं असेल, कुणी कॉम्प्युटरवर 'डीएक्स-बॉल'च्या रूपात. या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणजे अटारी कंपनीचा १९७६ सालचा 'ब्रेकआउट'. आणि त्या मशीनमध्ये कॉम्प्युटर नव्हताच!

अगदी शब्दशः नव्हता. प्रोसेसर नाही, प्रोग्रॅमही नाही. चेंडू कुठे आहे, कोणती वीट शिल्लक आहे, गुण किती झाले, हे सगळं साध्या लॉजिक चिप एकमेकींना जोडून ठरवलेलं. खेळाचा नियम बदलायचा तर जोडणी बदलायची. अटारीत काम करणाऱ्या स्टीव्ह जॉब्जकडे हे काम आलं आणि त्याने आपल्या मित्राला, स्टीव्ह वॉझ्नियाकला गाठलं. वॉझ्नियाकची दिवसा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी होती. रात्री जागून त्याने चार दिवसांत नमुना उभा केला, तोही चाळीस-पंचेचाळीस चिपमध्ये. आराखडा इतका आवळलेला होता, की अटारीला तो जसाच्या तसा कारखान्यात वापरता आला नाही. जास्त चिप घालून नव्याने मांडावा लागला.

रंगांची तऱ्हा तर आणखी न्यारी. पडदा ब्लॅक अँड व्हाइट. त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या. त्यामुळे चेंडू लाल पट्टीखाली गेला की तोही लाल दिसायचा. एका ओळीत १४ विटा, अशा ८ ओळी. पिवळ्या विटेला १ गुण, हिरव्या विटेला ३, नारिंगीला ५, लाल विटेला ७. दर रंगाच्या दोन ओळी, म्हणजे पूर्ण भिंतीचे ४४८ गुण. अशा दोनच भिंती मिळायच्या. ८९६ झाले की संपलं.

पण खरी करामत फळीत आहे. कॅरमचा स्ट्रायकर कडेला ज्या कोनात आपटतो, साधारण त्याच कोनात परततो. ब्रेकआउटमधल्या कडेच्या भिंतीही हा नियम पाळतात. फळी मात्र पाळत नाही. तिच्या मध्यावर चेंडू पडला तर एका दिशेने जातो, टोकावर पडला तर भलत्याच दिशेने. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही शुद्ध लबाडी! पण फळी प्रामाणिक असती तर खेळणाऱ्याच्या हातात चेंडू अडवणं किंवा सोडणं एवढंच उरलं असतं. नेम धरताच आला नसता.

नेम धरता येतो म्हणूनच या खेळातला सर्वांत गोड डाव शक्य होतो. एका कडेने विटा फोडत बोगदा काढायचा आणि चेंडू भिंतीच्या वर सोडून द्यायचा. तो तिथेच थडाथडा आपटत विटा उडवत राहतो. लंडनच्या डीपमाइंड कंपनीच्या प्रोग्रॅमला फक्त पडद्यावरचं चित्र आणि गुण दिले होते, डावपेच कुणी शिकवले नव्हते. खेळता खेळता त्याने हा बोगदा आपणहून शोधला. २०१५ साली 'नेचर'मध्ये छापून आलेल्या संशोधनातली ही गोष्ट. मूळ मशीनने मात्र या हुशारीवर आधीच तोड काढून ठेवली होती: चेंडू छताला लागला की फळी निम्मी व्हायची.

डीपमाइंडने वापरला तो अवतार 'अटारी २६००' या घरगुती यंत्रावरचा. या यंत्राची मेमरी किती? १२८ बाइट. मेगाबाइट नव्हे, किलोबाइटही नव्हे. पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही, म्हणून टीव्हीचा किरण जसजशी ओळ काढत जाईल तसतसं प्रोग्रॅमने त्याला पुढचं सांगायचं. चित्राची चिप अर्ध्याच ओळीची नक्षी लक्षात ठेवते. उरलेल्या अर्ध्यात तीच पुन्हा किंवा उलटी काढते. फुटलेली भिंत काही दोन्हीकडे सारखी नसते. तेव्हा किरण उजवीकडे पोचायच्या आत नक्षी बदलायची, तीही किरणाच्या दर ओळीला. त्याच धांदलीत फळी सरकवायच्या, हातातल्या चकतीकडेही लक्ष ठेवायचं. चकती फिरवली की आतला विद्युतरोध बदलतो आणि एक छोटा कपॅसिटर भरायला कमी-जास्त वेळ लागतो. तो भरेपर्यंत पडद्यावर किती ओळी झाल्या ते मोजायचं. तो आकडा म्हणजे फळीची जागा. चकतीच्या आत धूळ बसली की आकडा डळमळतो आणि फळी थरथरू लागते. जुनी यंत्रं जपणारे म्हणून चकती उघडून साफ करत बसतात.

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून हौशी मंडळी या यंत्रासाठी घरी बसून नवे खेळ लिहू लागली, आणि ते अजून चालू आहे. विटांच्या नव्या खेळांवर छाप दिसते ती टाइटो कंपनीच्या १९८६च्या 'अर्कनॉइड'ची: विटेतून कॅप्सूल पडते, फळी लांब होते, एका चेंडूचे तीन होतात. मला मात्र उलट्या दिशेने जाणारे जास्त आवडतात. मेक्सिकोच्या ऑस्कर टोलेडोने विटा फोडण्याचा अख्खा खेळ कॉम्प्युटरच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे सुरू होताना तो डिस्कवरून आधी वाचतो त्या तुकड्यात, बसवलाय. हा सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले शेवटचे दोन ओळखखुणेसाठी राखीव. उरले ५१०. नेहमीच्या युनिकोड साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ५१० बाइटमध्ये १७० चिन्हं. या परिच्छेदाच्या दोन वाक्यांतच ती संपून जातील.

प्रोग्रॅमिंगची थोडी ओळख असेल तर एखाद्या रविवारी हा खेळ लिहून पाहा. आधी फळीला कोनाचा नियम नीट पाळायला लावा आणि पाच मिनिटं खेळा. कंटाळा आला, की तिला लबाडी शिकवा.