इसार झालेले घर आणि दुसरा ग्राहक

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी या वेळी मला 'वैद्यकाबाहेरचे काही लिहा' अशी मोकळीक दिली. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी आयुष्य गेलेल्या माणसाला वैद्यकाबाहेरचे अनुभव असतात तरी किती? पण घरखरेदीचा अनुभव मात्र आपल्यापैकी बहुतेकांना दोनदा येतो. एकदा स्वतःसाठी आणि दुसऱ्यांदा मुलांसाठी. हल्ली हा दुसरा प्रसंग पुष्कळदा सातासमुद्रापलीकडे घडतो. माझ्या बाबतीत तो २०२२ च्या जून महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरी घडला.

आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. त्याने व सूनबाईंनी एक घर मनोमन पक्के केले होते. पण त्यांचा प्रस्ताव पोहोचण्यापूर्वीच घरमालकाचा दुसऱ्या कुटुंबाशी करार होऊन गेला. सूनबाई खट्टू झाल्या. तेव्हा त्यांच्या एजंट बाईंनी सुचविले, "बॅकअप ऑफर देऊन ठेवा." म्हणजे पहिला सौदा मोडला तर घर आपोआप तुमचे, अशी दुसऱ्या क्रमांकाची लेखी बोली. मुलाने विचारले, "बाबा, देऊ का?" मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "मुळीच नको. दुसऱ्याने इसार दिलेल्या घराकडे वळूनही पाहू नये."

माझ्या या तुटक उत्तरामागे इंदूरची एक जुनी जखम होती. १९९१ साली दवाखान्यासाठी मी रामबागेच्या परिसरात एक दुमजली घर पाहिले. घरमालकाने आधीच एका गृहस्थांकडून बयाना घेतलेला होता. "त्यांची मुदत टळली आहे, सौदा मोडल्यातच जमा आहे," असे त्याने छातीठोकपणे सांगितले. मी विश्वास ठेवला, पन्नास हजार रुपये मोजले आणि साधी पावती खिशात घातली. पंधरवड्यात पहिल्या गृहस्थांच्या वकिलांची नोटीस आली व पाठोपाठ दावाही. घर तर मिळाले नाहीच, माझीच रक्कम परत मिळण्यास चार वर्षे लागली. त्याहून बोचली ती न्यायालयाच्या आवारात त्या गृहस्थांशी झालेली नजरानजर. त्यांच्या लेखी मी त्यांचे घर पळवू पाहणारा डॉक्टर होतो.

माझी चूक कोठे झाली, हे वकील मित्राने नंतर समजावून सांगितले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे केवळ विक्रीच्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. एवढे वाचून माणूस निर्धास्त होतो. परंतु १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम १९ पुढे उभे असते. मोबदला दिलेला, हेतू प्रामाणिक आणि पूर्वीच्या कराराची माहिती नाही, अशाच नंतरच्या खरेदीदाराला ते संरक्षण देते. मला तर माहिती होती! मी खरेदीखत नोंदवून घेतले असते, तरी पहिल्या ग्राहकाला ते घर माझ्याकडून मागता आले असते. शिवाय असा दावा लावण्यास, कराराच्या पूर्ततेसाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत असते. तेव्हा 'त्यांची मुदत टळली' या घरमालकाच्या शब्दाला कायद्याच्या दृष्टीने फारसे वजन नव्हते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तर असा करार प्रत्यक्ष पार पाडण्याचा हुकूम द्यावा की न द्यावा, याबाबतचा न्यायालयाचा पूर्वीचा विवेकाधिकारही बराच आकुंचित झाला आहे.

ही सारी कहाणी मी मुलाला ऐकवली. त्याने शांतपणे टेक्सासचा छापील नमुना माझ्यापुढे ठेवला. तेथे अशा दुय्यम करारासाठी राज्याच्या स्थावर मालमत्ता आयोगाचेच स्वतंत्र जोडपत्र आहे. वाचताना माझा आग्रह हळूहळू सैल होत गेला. पहिला करार अस्तित्वात आहे, हे त्यात प्रारंभीच नमूद असते. तो संपुष्टात येईपर्यंत दुसऱ्या कराराची अंमलबजावणी करणे कोणावरही बंधनकारक नसते. पहिल्या करारात फेरफार झाला, तरी तो मोडला असे मानत नाहीत. एक अंतिम तारीख घातलेली असते. तोवर पहिला सौदा मोडला नाही, तर दुसरा करार संपतो आणि इसाराची रक्कम परत मिळते. शिवाय तेथे थोडे शुल्क भरून ठरावीक दिवसांत विनाकारण माघार घेण्याचा हक्क विकत घेता येतो. तो घेतलेला असेल, तर दुसऱ्या क्रमांकावर ताटकळत असतानाही ग्राहक केव्हाही बाहेर पडू शकतो.

असे सौदे मोडतात तरी का? घराच्या तपासणीत छपराचे वा पायाचे दोष निघतात, बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीहून कमी येते किंवा कर्जच नामंजूर होते. त्या वर्षी आणखी एक कारण होते. तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर जानेवारीच्या आरंभी साडेतीन टक्क्यांच्या आत होता. जूनअखेर तो साडेपाचच्या वर गेला. हप्त्याचे गणित कोसळून अनेक ग्राहक मागे फिरत होते. अशा वेळी दुसरा क्रमांक निरर्थक नव्हता. पहिला सौदा मोडताच घर पुन्हा बाजारात जात नाही आणि नव्याने चढाओढ होत नाही, हा त्याचा मोठा लाभ.

तोटेही आहेत. हाताशी दुसरा ग्राहक असला की विक्रेता ताठर होतो. पहिल्याने दुरुस्तीसाठी सवलत मागितली, तर 'नको असेल तर सोडा' असे तो म्हणू शकतो आणि पुष्कळदा पहिला मुकाट्याने घर घेतो. म्हणजे आपली बोली विक्रेत्याच्याच कामी येते. माघारीचे कलम नसेल, तर दुसरे घर ठरविल्यावर अचानक पहिलेही गळ्यात पडण्याची भीती असते. पहिला ग्राहक तपासणीनंतर पळाला असेल, तर दोष आपल्या वाट्यास येतो. म्हणून त्याचा अहवाल मागावा आणि तपासणी आपली स्वतंत्रपणेही करावी. आणि सर्वांत मोठा तोटा मनाचा. माणूस शोध थांबवून त्या एकाच दारापाशी बसून राहतो.

राहिला नीतीचा प्रश्न. दुसऱ्याचा सौदा मोडावा म्हणून टपून बसणे शोभते का? त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मला मूत्रपिंड प्रत्यारोपणाची यादी आठवली. मृत दात्याचे मूत्रपिंड उपलब्ध झाले, की पहिल्या रुग्णाबरोबर पुढच्या रुग्णालाही बोलावून ठेवतात. पहिल्याची क्रॉसमॅच चाचणी प्रतिकूल आली, तर अवयव वाया जाऊ नये म्हणून. बाकावर बसलेल्या त्या दुसऱ्याला आपण कधी गिधाड म्हटले आहे का? तो पहिल्याचे वाईट चिंतीत नाही. रांग सर्वांना ठाऊक असते आणि आपल्या जागी तो उघडपणे बसलेला असतो. ऑस्टिनच्या त्या घराच्या जाहिरातीतही, सौदा ठरला आहे, पण दुय्यम प्रस्ताव घेतले जातील, असे उघड लिहिलेले होते. १९९१ साली माझा दोष दुसरा असण्यात नव्हता. पहिला अजून रांगेत उभा असताना, त्याच्या नकळत, मी स्वतःला पहिला समजलो, हा तो दोष होता.

मुलाने बोली दिली. मात्र माझ्या आग्रहावरून माघारीचा हक्क घेतला व इतर घरे पाहणेही चालू ठेवले. तीन आठवड्यांनी कळले, की पहिल्या कुटुंबाने ते घर घेतले. इसाराची रक्कम परत आली. सूनबाई दोन दिवस गप्प होत्या. पुढे सप्टेंबरात त्यांना दुसरे घर मिळाले.

आपल्याकडे हे कसे साधावे? पहिल्या ग्राहकाने सही केलेला करार रद्द केल्याचा लेख आणि त्याला बयाना परत मिळाल्याची पावती पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शोध घ्यावा, वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी. तरीही दुसरा क्रमांक लावून ठेवायचाच असेल, तर १८७२ च्या करार कायद्यात सशर्त कराराची सोय आहे. पहिला करार अमुक तारखेपर्यंत रद्द झाला, तरच हा करार लागू होईल, असे वकिलाकडून लिहून घ्यावे. ती गोष्ट घडेपर्यंत असा करार अमलात येत नाही आणि मुदतीत घडली नाही, तर तो आपोआप रद्द होतो. मोठी रक्कम मात्र तोवर आपल्याच खात्यात असू द्यावी.

तेव्हा आता कोणी तरुण सहकारी विचारतो, "सर, बयाना झालेल्या घरावर बोली द्यावी का?" तर मी पूर्वीसारखा 'मुळीच नको' म्हणत नाही. मी म्हणतो, अवश्य द्या. पण रांग उघड असू द्या, तारीख लेखी असू द्या, परतीची वाट मोकळी ठेवा. आणि ज्याच्या मागे आपण उभे आहोत, तो उद्या समोर आला, तर त्याच्या डोळ्यांत पाहता येईल, इतके अंतर राखून उभे राहा.