मायक्रॉन मोजणारा इंजिनिअर पाणी मोजायला लागला तेव्हा



पार्टनरशिपवरच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की वाटणीचे नियम गल्ल्यात पैसे यायच्या आधी लिहा. ते सांगताना माझ्या डोक्यात एक माणूस होता, पण व्हिडिओत वेळ पुरला नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी निवांत लिहितोय. विलासराव साळुंखे. 2002 साली ते गेले. आज तिशीत असलेल्या बऱ्याच जणांनी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं, आणि मला हे फार खटकतं.

विलासराव इंजिनिअर. पुण्यात त्यांनी अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग नावाचा कारखाना उभा केला. काम अचूक मापनाच्या उपकरणांचं, म्हणजे गेजचं. दुसऱ्या कारखान्यात तयार झालेला पार्ट बरोबर मापाचा आहे की नाही, हे गेज लावून ठरतं. तिथे हिशोब मायक्रॉनमध्ये चालतो, मिलिमीटरचा हजारावा भाग! अशा धंद्यात 'अंदाजे' हा शब्द चालतच नाही. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला आली.

1972 चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं, सगळं सांगतील. पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात विलासराव दुष्काळी कामांवर गेले. शेतकरी स्वतःचं रान सोडून रस्त्याच्या कडेला दगड फोडत बसलेले. पोटापुरती मजुरी मिळत होती, पण पुढच्या वर्षी पाऊस दडी मारून बसला तर पुन्हा तोच दगड आणि तोच हातोडा. विलासरावांना प्रश्न पडला: हेच हात पाणी अडवायच्या कामाला का नाही लावायचे?

प्रश्न आपल्यालाही पडतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की आपण विसरतो. विलासरावांनी नायगावात देवस्थान ट्रस्टची 40 एकर पडीक, उताराची जमीन 50 वर्षांच्या कराराने घेतली आणि ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. चालता कारखाना पाठीशी असलेला माणूस त्या माळावर जाऊन राहिला. पत्नी कल्पनाताई सोबत होत्या, आणि नुसत्या सोबत नव्हत्या, कामात होत्या. निसर्गावर प्रेम आहे म्हणणारे खूप भेटतात. उजाड माळ हिरवा होईपर्यंत तिथेच थांबणारे कमी.

आता जरा आकडेमोड करू, कारण खरी मजा तिथे आहे. एक एकरावर 1 मिमी पाऊस पडला की साधारण 4,000 लिटर पाणी पडतं. 40 एकरांवर 1 लाख 60 हजार लिटर. वर्षाला 400 मिमी धरला, तरी साडेसहा कोटी लिटरच्या आसपास. आपण ज्याला कोरडवाहू म्हणून सोडून देतो, त्या माळावर एवढा माल दर वर्षी उतरतो आणि पावती न फाडता निघून जातो. त्यातलं सगळं काही धरता येत नाही, पण थोडं तरी? नायगावच्या उतारावर बांध घातले गेले, खाली पाझर तलाव झाला, तलावाखाली विहीर, आणि विहिरीतलं पाणी उचलून पुन्हा वर शेताला.

पाणी आलं की भांडण येतं. जसं नफा आला की पार्टनर भांडतात, अगदी तसं. विलासरावांचं मोठेपण मला इथे सगळ्यात जास्त दिसतं. गावोगावचे शेतकरी गट करून पाणी उचलण्याच्या योजना उभ्या राहू लागल्या, तेव्हा 'पाणी पंचायत'चे नियम आधी ठरले. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी मिळणार. एका माणसामागे अर्ध्या एकराचं पाणी, आणि घरटी जास्तीत जास्त अडीच एकराचं.

म्हणजे बघा, एकाकडे 20 एकर आहे आणि घरात 4 माणसं. त्याला 2 एकराचं पाणी. शेजाऱ्याकडे 3 एकर, घरात 5 माणसं. त्याला अडीच एकराचं. मोठ्या बागायतदाराला हे कसं पचलं असेल, तुम्हीच विचार करा! भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. जमीन विकली, तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. ऊस बारा महिने रानात उभा राहतो, चार जणांचं पाणी एकटा पितो.

पैशाचा नियमही तितकाच कडक. सुरुवातीच्या योजनांत खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदानातून, 30 टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज, आणि 20 टक्के शेतकऱ्यांनी स्वतः उभे करायचे. गरिबाकडून पैसे कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याने घरातली शेळी विकून हिस्सा भरला असेल, तो मोटर जळली तर रात्री उठून जाईल. पाणी कुणाला कधी सोडायचं, हे बघायला गटाचा पाटकरी. त्याचा पगारही गटानेच द्यायचा.

सगळ्या योजना टिकल्या असं नाही. काही बंद पडल्या. बाजारात उसाला पैसा दिसत असताना 'लावू नका' म्हणणं सोपं नव्हतं, आणि गटात एक जरी फुटला की बाकीच्यांचा धीर सुटतो. तरी विलासराव थेट कारखान्यात परतले असते, तर कुणी नावं ठेवली नसती. ते अखेरपर्यंत पाण्याच्या समान वाटपाविषयी बोलत राहिले, सरकारशीही आणि शेतकऱ्यांशीही.

वर्कशॉपला येणारी मुलं-मुली मला विचारतात, "सर, धंदा करायचा की घर सांभाळायचं?" विलासरावांच्या घरात या प्रश्नाला काय उत्तर होतं ते बघा. ते गेल्यावर पाणी पंचायतीचं काम थांबलं नाही. ते पुढे नेलं कल्पनाताईंनी.