उच्छ्वासातील रसायने आणि रोगनिदान

१९७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा उच्छ्वास अतिथंड नळीत गोठवून, वायुवर्णलेखन या मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने तपासला, तेव्हा त्यात सुमारे २५० निरनिराळे पदार्थ आढळले. यांपैकी अनेक बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे सहज वाफ होणारी कार्बनयुक्त रसायने, रक्तातून फुप्फुसातील वायुकोशांत उतरतात आणि म्हणूनच शरीरातील चयापचयाची खूण बाळगतात. इन्शुलिनच्या तीव्र अभावी पेशींना ग्लुकोज वापरता येईनासे झाले, की यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार करते, त्यांतील ॲसिटोअ‍ॅसिटेटचे विघटन होऊन ॲसिटोन बनते आणि रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. वैद्यांच्या नाकाने हे निदान यंत्रांच्या कितीतरी आधी केले होते.

दवाखान्यात खऱ्या अर्थाने रुळलेली युरिया श्वासचाचणी मात्र, काटेकोर बोलायचे तर, सेंद्रिय संयुगांची नव्हेच. तीत कार्बन-१३ने चिन्हांकित युरिया पाजला जातो, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणू असल्यास त्याचे युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते आणि चिन्हांकित कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासात उतरतो.

उच्छ्वासावरून कर्करोगाचे निदान करण्याबाबतचे दावे अधिक सावधपणे वाचावे लागतात, कारण नुकतेच घेतलेले जेवण, धूम्रपान, तोंडातील जिवाणू आणि खोलीतील हवासुद्धा नमुन्यात आपली भर घालतात, शिवाय शोधायची संयुगे अब्जांश प्रमाणात असतात.