कॅक्टसला हवी दगडांची सोबत

अमेरिकेतल्या टेक्ससच्या पश्चिम भागात, बिग बेंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर, एक कॅक्टस असा वाढतो की त्याच्यावर पाय पडला तरी कळू नये. त्याचे नाव एरिओकार्पस फिशुरॅटस. तिकडे त्याला ‘लिव्हिंग रॉक’ म्हणतात. वाढलेल्या रोपाला काटे नसतात. राखाडी-हिरव्या, भेगाळलेल्या त्रिकोणी उंचवट्यांची एक चकती तेवढी जमिनीलगत दिसते. कोरड्या दिवसांत तीही आक्रसते आणि धुळीखाली झाकली जाते. शरद ऋतूत मधोमध गुलाबी फूल उमलले, की इथे झाड आहे हे समजते.

जमिनीखाली त्याचे जाड सोटमूळ असते. हे मूळ पाणी साठवते आणि शिवाय आकुंचन पावून रोपाला हळूहळू खाली खेचते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही ओढ वर्षाला ६ ते ३० मिलिमीटर असल्याचे दिसले. त्याच अभ्यासात काही रोपे खडकाळ मातीत, तर काही वाळूत लावली होती. कडक उन्हाळ्यात दगडांमध्ये रुतलेली रोपे तगली आणि वाळूतली सगळी मेली. जमिनीत खाली जाण्याचा फायदा दगडांच्या सोबतीनेच मिळतो, असा त्याचा अर्थ.

कुंडीतले कारण वेगळे असले, तरी घरी कॅक्टस लावणाऱ्याने हा प्रयोग लक्षात ठेवावा. वाळवंटी झाड म्हणून आपण कुंडीत बारीक वाळू मिसळतो. ती मातीच्या कणांमध्ये बसते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. हवा कोंडली की बुरशी शिरते आणि वरून टवटवीत दिसणारे रोप बुंध्यापासून मऊ पडते. त्यापेक्षा निम्म्याहून अधिक बारीक खडी, विटांचे चाळलेले तुकडे किंवा पर्लाइट, आणि बाकी पोयटा असे मिश्रण चांगले. सोटमूळ असलेल्या जातींना कुंडी खोल हवी. तळाचे भोक मोकळे असलेच पाहिजे.

पाण्याइतकाच रात्रीचा विचारही करायला हवा. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. कॅक्टसने तसे केले तर तो उन्हात सुकून जाईल. म्हणून तो रात्री शिधा भरून ठेवतो आणि दिवसा दार लावून रांधतो. गार हवेत रंध्रे उघडून घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो. दिवसा रंध्रे मिटलेली असताना त्याच साठ्यातून सूर्यप्रकाशाच्या मदतीने साखर तयार होते. बिग बेंड ज्यात येते ते चिवावा वाळवंट उंचावर असल्याने तिथे दिवस तापला तरी रात्री गारवा उतरतो. बंद खोलीत किंवा किनारपट्टीच्या उकाड्यात रात्रीही पारा फारसा उतरत नाही, तेव्हा हा साठा पुरेसा होत नाही. कुंडी रात्री मोकळ्या हवेत राहील अशी जागा निवडावी, ती यासाठी.

एका बाबतीत मात्र महाराष्ट्राचे हवामान या कॅक्टसांच्या ओळखीचे आहे. चिवावातही पाऊस मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. फरक मापाचा आहे. तिथे वर्षभरात साधारण अडीचशे मिलिमीटर पाऊस होतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याच्या तिपटीहून अधिक कोसळतो. तेव्हा पावसाळ्यात कुंडीवर पारदर्शक आडोसा हवा आणि माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पाणी. हिवाळ्यात पाणी जवळजवळ थांबवावे. रोप थोडे आक्रसले तर घाबरू नये. ही विश्रांती त्याच्या जगण्याचा भाग आहे आणि पुढच्या फुलोऱ्याला ती उपयोगी पडते.

प्रकाश कमी पडला की गोल कॅक्टस वर निमुळता होत जातो. नंतर ऊन मिळाले तरी ताणलेला भाग पुन्हा गोल होत नाही. पण सावलीतले रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवले तर भाजते. रानातही कोवळी रोपे दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला वाढतात आणि मग उन्हाला सरावतात.

घरातले रोप बियांपासून वाढले असेल तर ते तुकतुकीत, भरदार दिसते. रानातले रोप खरचटलेले, उन्हाने करपलेले, वेडेवाकडे असते. काही संग्राहकांना नेमके तेच रूप हवे असते आणि तिथूनच चोरी सुरू होते. पश्चिम टेक्ससातून उपटलेली हजारो ‘लिव्हिंग रॉक’ तपास यंत्रणांनी जप्त केली आहेत. इटलीत २०२०मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले हजारावर कॅक्टस सापडले. त्यांतले आठशेहून अधिक पुढच्या वर्षी मायदेशी परत पाठवले गेले. २०१५च्या एका जागतिक पाहणीत कॅक्टसच्या सुमारे ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. एरिओकार्पसच्या सर्व जाती संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे रानातून उपटलेल्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला मनाई आहे.

अशा रोपाचे वय दशकांत मोजावे लागते. बी रुजल्यापासून स्वतःच्या मुळांवर फूल येईपर्यंतच दहा वर्षे सहज जातात. टेकडीवरचे एक मोठे रोप गेले, तर त्याची जागा भरायला मनुष्याची एक पिढी लागू शकते. शिवाय ते आपल्या कुंडीत जगेलच असे नाही, कारण उपटताना त्याचे सोटमूळ तुटते.

म्हणून कॅक्टस घेताना तो कशापासून वाढवला आहे, हे नर्सरीत विचारावे. बियांपासूनचा किंवा कलमाचा असेल तर निर्धास्त घ्यावा. लाल-पिवळ्या डोक्याचे जे छोटे कॅक्टस सर्वत्र दिसतात, ती कलमेच आहेत: हरितद्रव्य नसलेले वरचे डोके ड्रॅगन फ्रूटच्या जवळच्या नात्यातल्या हिरव्या खुंटावर जगते. आणि धीर असेल, तर बी पेरावे. रानातल्या रोपावरचे ओरखडे तिथल्या दगडांनी आणि दुष्काळांनी दिलेले असतात, ते विकत घ्यायची गोष्ट नाही. आपल्या खिडकीतले रोप तुकतुकीत राहिले, तर त्यात काही उणे नाही. ते कुठल्याही टेकडीचे काही न हिरावता वाढले आहे.